पंडागळे मॅडमचं कर्नेल

साडीवर कॅनव्हासचे बूट घालणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. पांढरेशुभ्र नव्हेत, कारखान्यात मिळतात तसले मातकट, नाडीवाले, पुढं रबर लावलेले. वर चापूनचोपून नेसलेली कॉटनची साडी आणि खांद्यावर पिन. नव्या मुली पहिल्या आठवड्यात तोंडाला रुमाल लावून हसायच्या. दुसऱ्या आठवड्यात ते हसणं बंद व्हायचं, कारण तोवर प्रत्येकीवर एकदा तरी उभं राहून चुकीचं उत्तर द्यायची पाळी आलेली असायची.

वत्सला पंडागळे त्यांचं नाव. आम्ही सगळे पंडागळे मॅडम म्हणायचो, प्राचार्यसुद्धा. आमची संस्था जालना रोडला, चिकलठाण्याच्या अलीकडं. खाली टायरचं दुकान, वर आम्ही. चार खोल्या, एक लांब गॅलरी आणि गॅलरीत कायम रबराचा वास. मी तिथं अकाउंट्स शिकवायचो. त्या काळात एमआयडीसीत दर महिन्याला कुठली ना कुठली नवी शेड उभी राहायची, आणि सिल्लोड, वेरूळ, पैठणकडची पोरं-पोरी ‘कम्प्युटर केलं की नोकरी’ एवढ्या एका वाक्याच्या भरवशावर शहरात खोली करून राहायची. त्यांच्यासाठी संस्थेनं कम्प्युटरचा पदविका वर्ग काढला होता. प्राचार्य सरकारी कॉलेजातून निवृत्त झालेले सज्जन गृहस्थ. त्यांना दोनच गोष्टींची काळजी असायची, विद्यापीठाची आणि छताची. छत गळायचं.

मॅडम आधी चिकलठाण्यातल्याच एका कारखान्याच्या कम्प्युटर विभागात होत्या. पंच कार्डांवर भोकं पाडण्यापासून त्यांनी सुरुवात केली आणि शेवटी अख्खा विभाग त्यांच्या धाकात होता. मुलाखतीत प्राचार्यांनी विचारलं, एवढी जुनी नोकरी का सोडलीत. मॅडम म्हणाल्या, “मी कुठं सोडली, सर? कम्प्युटरच पुण्याला गेला.” कारखान्यानं तो विभाग पुण्याच्या कचेरीत हलवला होता. घरी म्हातारी आई होती म्हणून या मागं राहिल्या. कारखान्याचे बूट मात्र त्यांनी पायातून काढले नाहीत.

त्यांच्या सवयींवर स्टाफरूममध्ये आम्ही पुष्कळ करमणूक करून घेतली आहे. त्यांच्या पिशवीत नेहमी दोन छत्र्या असायच्या, एक नवी, एक जुनी. दोन पेनं, दोन चष्मे, आणि एकदा तर मी दोन कंगवे पाहिले. विचारलं की उत्तर ठरलेलं: “नवं चालतंय का ते कळंस्तोवर जुनं हाताशी पाहिजे.” नवं चालतंय हे कळायला त्यांना किती वर्षं लागायची ते देव जाणे, कारण जुनी छत्री कधी हललेली मी पाहिली नाही.

दुसरी सवय रिक्षाची. विद्यापीठाच्या कमानीवर नवं नाव येऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. शहर वरवर शांत होतं. नामांतरासाठी ज्यांनी लाठ्या खाल्ल्या ते आणि ज्यांनी विरोधात दगड मारले ते, दोघंही एकाच बँकेच्या रांगेत उभे राहायचे. पण कोण जुनं नाव घेतो आणि कोण नवं, याकडं कान असायचा लोकांचा. म्हणून आमच्यासारखे भित्रे लोक नुसतं ‘विद्यापीठ’ म्हणून मोकळे व्हायचे. मॅडम तसं करायच्या नाहीत. रिक्षावाल्याला त्या पूर्ण नाव सांगायच्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तो म्हणायचा, “युनिव्हर्सिटी ना, बाई?” मॅडम पुन्हा पूर्ण नाव सांगायच्या. तो ‘हौ’ म्हणेपर्यंत आत पाय ठेवायच्या नाहीत. एकदा माझी बस यामुळं चुकली, तेव्हा मी जरा चिडून बोललो. त्या म्हणाल्या, “सर, लई वर्षं लागली हे नाव घ्यायला. दोन मिनिटं लागू द्या.”

आता ज्या प्रकरणामुळं हे सगळं लिहितो आहे, त्याकडं येतो.

त्या वर्षी विद्यापीठाचं पत्र आलं. पदविकेच्या अभ्यासक्रमात असं प्रात्यक्षिक होतं की एका मोठ्या मशीनला दहा मशीन जोडलेली पाहिजेत आणि दहा विद्यार्थी एकाच वेळी त्यावर काम करताना दिसले पाहिजेत. आमच्याकडं एका कारखान्यानं मोडीत काढलेली मशीन होती, पण ती एकमेकांशी बोलत नव्हती. त्यासाठी लागणारी ऑपरेटिंग सिस्टीम विकत घेणं संस्थेच्या आवाक्याबाहेरचं होतं. परीक्षक येऊन प्रयोगशाळा बघणार होते. ती चालू दिसली नाही तर केंद्र रद्द, आणि केंद्र रद्द म्हणजे त्या वर्षाची सगळी पोरं परीक्षेला बसू शकणार नाहीत. प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये पत्र वाचून दाखवलं आणि कपाळाला हात लावला. पुढच्या वर्षी बसतील पोरं, असं कुणीतरी म्हणालं. बहुतेक मीच.

मॅडम एकदम उठल्या. “पुढच्या वर्षी म्हणजे काय, सर? वर्ष म्हणजे काय बसचं तिकीट हाय का, ही गेली तर दुसरी धरा?”

त्या इतक्या तापलेल्या मी आधी पाहिल्या नव्हत्या. मग शांतपणे म्हणाल्या की वर्ष जाऊ द्यायचं नाही, काय करायचं ते मी करते.

त्यांच्याकडं एका मासिकाबरोबर फुकट मिळालेली सीडी होती. तिच्यावर लिनक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टीम होती. मी हिशेबाचा माणूस, मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. ही सिस्टीम फुकट होतीच, शिवाय ती ज्या मजकुरातून तयार होते तो मजकूरही उघडा होता, कुणीही वाचावा, कुणीही बदलावा. तिचा गाभा म्हणजे कर्नेल. सीडीवर आलेलं कर्नेल जगातल्या सगळ्या मशीनला चालावं म्हणून अंगानं अवाढव्य होतं. आमच्या मशीनची मेमरी इतकी तोकडी की ते आत शिरलं की बाकी कशाला जागाच उरायची नाही. आणि एवढं अवाढव्य असूनही आमची जोडणीची जुनाट कार्डं त्याला ओळखू येत नव्हती. उपाय एकच. नको ते वगळून, हवं ते घालून आपलं स्वतःचं कर्नेल तयार करायचं.

तयार करण्याआधी मशीन प्रश्न विचारायचं. शेकड्यांनी प्रश्न, एकामागून एक, हे हवं का, ते हवं का. हो किंवा नाही, एवढंच उत्तर. दुसरं कुणी असतं तर एकटं बसून उत्तरं दिली असती. मॅडमनी अख्खा वर्ग बसवला. प्रश्न वाचायला मंदा कोळेकर. ही वेरूळकडची धनगराची मुलगी. घरी मेंढरं होती, वडील एमआयडीसीत वॉचमन होते, आणि त्यांनी मंदाला मोजून एक वर्ष दिलं होतं. वर्षात नोकरी नाही तर गावी परत. मंदाचा आवाज माळावरून हाका मारून कमावलेला, गॅलरीच्या टोकापर्यंत जायचा. ती प्रश्न वाचायची, त्यात काय विचारलंय ते मराठीत सांगायची, आणि मॅडम निकाल द्यायच्या.

आवाजाचं कार्ड? “नाय.” खेळायची दांडी? “नाय.” रेडिओवरून नेटवर्क? “आपल्याकडं रेडिओ तरी हाय का? नाय.” आमच्या कार्डाचं नाव आलं की मात्र सगळा वर्ग एका सुरात “व्हय” म्हणायचा. खालून टायरवाला एकदा वर येऊन विचारून गेला की आज कसली निवडणूक आहे.

या उत्साहात घात झाला. मंदानं वाचलं, गणिताची चिप नसेल तर तिचं काम दुसऱ्या मार्गानं करायची सोय हवी का. मॅडम ‘नाय’च्या लयीत होत्या. “गणित येतंय आपल्याला. नाय.” वर्ग हसला. दिवसभर मशीन घुरघुरत राहिलं, कर्नेल तयार झालं, सगळे जमले, मशीन नव्या कर्नेलवर सुरू केलं आणि ते दोन ओळी लिहून थिजलं. इंग्रजीत होत्या, अर्थ असा: गणिताची चिप सापडली नाही, तिची सोयही नाही, हार मानतो.

मॅडमनी त्या ओळी दोनदा वाचल्या. “एवढ्यात?” त्या मशीनला म्हणाल्या.

पण छत्रीचा नियम इथंही होता. जुनं कर्नेल त्यांनी बाजूला जपून ठेवलं होतं, मशीन त्याच्यावर पुन्हा सुरू झालं. मग त्यांनी वर्गाला सांगितलं की चूक माझी आहे, मी नीट न ऐकता ‘नाय’ म्हणाले, आमची मशीन जुनी आहेत, त्यांच्यात ती चिप नाही. सगळे प्रश्न परत पहिल्यापासून. यावेळी प्रत्येक ‘नाय’च्या आधी मंदाला खालची माहिती वाचायला लावली. संध्याकाळपर्यंत मंदाचा घसा बसला, पण तिच्याइतकं लिनक्स मग कुणालाच कळेना.

पुढची अडचण विजेची. आमच्या भागातली लाईट दिवसातून दोनदा तरी जायची, आणि कर्नेल तयार व्हायला सकाळी लावलं तर दुपार उलटायची. एवढ्या वेळात लाईट गेली नाही असं कधी झालंच नाही. माझा सहकारी रफीक शेख इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचा, सिल्लोडचा, गोड बोलणारा आणि काळजीखोर. लाईट गेली की तो डोक्याला हात लावायचा, “गया मॅडम, सब गया.” मॅडम त्याला समजावायच्या की काही गेलं नाही. ते काम हजार तुकड्यांत चालतं. जेवढे तुकडे तयार झाले तेवढे डिस्कवर असतात. लाईट आल्यावर मशीन बघतं, हा तुकडा झालाय, हा झालाय, हा राहिलाय, आणि राहिलेल्यापासून पुढं चालू लागतं. “झालेलं वाया जात नाय, रफीक. लई चांगली रीत हाय ही.” हे त्या इतक्या वेळा म्हणाल्या की पोरं एकमेकांना चहा पाजतानाही म्हणू लागली.

अशाच एका दुपारी पंखे बंद, आम्ही गॅलरीत उभे, आणि मॅडमनी स्वतःहून त्यांचं वर्ष कसं गेलं ते सांगितलं. एरवी त्या स्वतःबद्दल बोलायच्या नाहीत.

बी.एस्सी.ची दोन वर्षं पास झाल्या होत्या. गावातून कॉलेजला जाणारी वस्तीतली पहिली मुलगी. त्यांचं तिसरं वर्ष सुरू झालं आणि नामांतराचा ठराव मुंबईत मंजूर झाला. त्यांच्या वडिलांनी वस्तीत पेढे वाटले. ठराव मंजूर झाला म्हणजे झालंच, असं सगळ्यांनी धरलं. मग गावोगाव पेटवापेटवी सुरू झाली. त्यांचं घर जळालं तेव्हा त्या शहरात हॉस्टेलला होत्या. आईवडिलांना घेऊन आल्या, नातेवाइकांकडं एका खोलीत आठ माणसं. वडील त्या धक्क्यातून उठले नाहीत. परीक्षा राहिली. चिकलठाण्यात कारखाने माणसं घेत होते, त्या पंच कार्डांवर बसल्या. नाव लागायला पुढं इतकी वर्षं लागतील असं कुणाला वाटलं होतं, असं म्हणून त्यांनी बुटाची नाडी सोडून परत बांधली. गावाचं नाव त्यांनी सांगितलं होतं. मी ते इथं लिहीत नाही. त्या गावात आता दुसरी माणसं राहतात आणि त्यांनी काही केलेलं नाही.

“म्हणून म्हणते, सर,” त्या म्हणाल्या, “पोरांचं वर्ष नाय जाऊ द्यायचं.”

परीक्षक शनिवारी येणार होते. गुरुवारी दुपारी शेवटचं कर्नेल तयार होत आलं, सगळी कार्डं घातलेलं, अंगानं आटोपशीर. सगळे तुकडे एकत्र जोडताना मशीननं तक्रार केली की एक तुकडा ओळखू येत नाही. मॅडमनी तो उघडून पाहिला. तुकड्याचं नाव होतं, तारीख-वेळ होती, आणि आत काहीच नव्हतं. नेमका तो लिहिला जात असताना कधीतरी लाईट गेली होती. मशीननं लाईट आल्यावर पाहिलं, नाव आहे, म्हणजे झालंय, आणि पुढं गेलं. त्यांनी तो एक तुकडा पुसून नव्यानं केला. कर्नेल सुरू झालं, पण दहापैकी चार मशीन मधेच गप्प व्हायची. कार्डावरचा हिरवा दिवा लागलेला, पण उत्तर नाही. रफीक म्हणाला, “कार्ड तो बोल रा मॅडम, मशीनच नई सुन रा.”

मॅडम खुर्चीत बसल्या. त्यांच्या लाडक्या रीतीनंच त्यांना फसवलं होतं, हे मलासुद्धा कळत होतं.

मग म्हणाल्या, “नाव हाय का तेवढंच बघतंय ते. आत काय हाय ते बघतच नाय. आपल्या ठरावासारखं झालं.” थोडं थांबून म्हणाल्या, “असे अर्धे किती असतील कुणाला ठाऊक. सगळं पुसायचं. पहिल्यापासून.”

प्राचार्यांच्या तोंडचं पाणी पळालं. कारण रात्री लावावं तर मधेच लाईट जाऊन पुन्हा तेच अर्धे तुकडे, आणि उद्या शुक्रवार. आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी रविवारी नसून शुक्रवारी असायची, आणि त्या दिवशी दुरुस्तीसाठी सकाळपासून संध्याकाळपर्यंत लाईट बंद. कारखान्यांत जनरेटर होते, पण कारखानेच बंद. आमच्याकडं जनरेटर नव्हता, मेणबत्त्या होत्या. त्यांनी बिचाऱ्यांनी हळूच सुचवलं की सहा मशीन चालतायत, तेवढीच दाखवू, बाकीची नादुरुस्त आहेत म्हणू. मॅडम म्हणाल्या, दहा पोरांनी बसायचं तर सहा मशीनवर बसवून चौघांना काय सांगू? आणि त्यांनी आमच्यादेखत सगळे तुकडे पुसायचा हुकूम देऊन टाकला. दोन शब्द टाइप केले आणि इतक्या दिवसांचं काम गेलं. रफीकनं डोळे मिटून घेतले होते.

डोळे उघडल्यावर तोच म्हणाला, की उद्या सिल्लोडला माझ्या चुलतभावाचा वलीमा आहे, लग्नानंतरचं जेवण, तुम्ही सगळे येणारच आहात. आणि शादीखान्यात जनरेटर आहे, सकाळपासून.

शुक्रवारी सकाळी आम्ही जीपनं निघालो. मुख्य कम्प्युटर गोधडीत गुंडाळून मॅडमच्या मांडीवर, मॉनिटर माझ्या मांडीवर, आणि मागं आहेराची स्टीलची घागर, जिच्यावर मॅडमनी आधीच नवऱ्या-नवरीची नावं घालून आणली होती. रस्ता तेव्हा खड्ड्यांचा होता. प्रत्येक खड्ड्याला मॅडम कम्प्युटर उचलून धरायच्या आणि स्वतः आपटायच्या.

शादीखान्याच्या मागच्या बाजूला, जिथं चुलीवर बिर्याणीच्या मोठमोठ्या देगा चढल्या होत्या, त्याच्या शेजारी तांदळाच्या पोत्यांची खोली होती. तिथं पोत्यावर फळी टाकून मशीन मांडलं. मॅडमनी पदर खोचून आधी जनरेटरवाल्याला गाठलं आणि त्याला बजावलं की दिवसा हॅलोजन लावायचे नाहीत, लावले तर मला आधी सांगायचं. तो म्हणाला शादी तुमच्या घरची आहे का. मॅडम म्हणाल्या, “व्हय, असंच समज.”

मशीन कामाला लागलं. पडद्यावर ओळी सरकायला लागल्या. पाहुणे यायला लागले, मांडवात मिठ्या, अत्तर, पोरांची पळापळ. मी दोन वेळा जेवणाला बोलवायला गेलो तर मॅडम पोत्यावर बसूनच होत्या. शेवटी रफीकचे मोठे मामू आले. पांढरी दाढी, हातात काठी, त्या दिवशीच्या सगळ्या कारभाराचे मालक. त्यांनी पडद्याकडं पाहिलं, मॅडमच्या बुटांकडं पाहिलं.

“ये क्या पका रे, बाई?”

“देगच है, मामू. दम पे रखी है,” मॅडम म्हणाल्या. “बीच में ढक्कन नई खोलने का.”

मामूंना हे पटलं. त्यांनी तिथंच ताट मागवलं आणि मॅडम जेवेपर्यंत काठी टेकून दारात पहारा दिला, कुणी पोर आत शिरू नये म्हणून.

दुपार कलली. शेवटच्या पंगतीचा दस्तरखान उठला, मंडप रिकामा व्हायला लागला, आणि डिझेल वाचवायचं म्हणून जनरेटरवाला यंत्र बंद करायला निघाला. त्याला संध्याकाळी दुसऱ्या ठिकाणी जायचं होतं. पडद्यावर ओळी अजून सरकत होत्या. मॅडम त्याच्या वाटेत आडव्या उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. विनवणीचा नव्हता तो. या खेपेला अर्धं सोडणार नाही, एवढंच त्यावर लिहिलेलं होतं. दहा पोरं, मंदाचे वडील, सगळं त्या फटफटणाऱ्या यंत्रावर टांगलेलं होतं.

मामू हळूहळू चालत आले. जनरेटरवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “जब तक बाई की देग नई उतरती, ये बंद नई होने का. बैठ, मीठा खा.”

तो बसला. त्यानं मीठा खाल्ला. मग दुसऱ्यांदा खाल्ला. त्याच्या तिसऱ्या वाटीला पडद्यावरच्या ओळी थांबल्या आणि मॅडमनी मान हलवली.

शनिवारी परीक्षक आले. कोरडे, घाईत असलेले गृहस्थ. त्यांनी दहाही जणांना एकदम बसायला सांगितलं. दहाही मशीन बोलायला लागली. त्यांनी मुख्य मशीन बंद करून परत चालू करायला लावलं, बहुतेक आमची परीक्षा बघायला. मशीन सुरू होताना पहिल्या ओळीत, हे कर्नेल कुणी आणि कुठल्या मशीनवर बनवलं ते लिहून येतं. मॅडमनी मशीनला त्यांच्या गावाचं नाव दिलेलं होतं. परीक्षकांनी ते वाचून विचारलं, हे काय नाव?

“माझं गाव, सर,” मॅडम म्हणाल्या.

ते सही करून गेले. पोरांचं वर्ष वाचलं. मंदा परीक्षेत पहिली आली नाही, पण चिकलठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअरच्या कम्प्युटरवर लागली. तिचे वडील त्याच गेटवर वॉचमन होते, आणि तिला आत सोडताना रोज तिचं ओळखपत्र मागायचे म्हणे.

गंमत म्हणजे परीक्षकांच्या अर्जात शिकवणाऱ्यांच्या पदव्या विचारल्या होत्या. मॅडमनी प्राचार्यांना आपली दोन वर्षं सांगितली, तशीच लिहा म्हणाल्या. ते लिहिलं जाताना मॅडमनी मनाशी काय ठरवलं कुणास ठाऊक, पुढच्याच आठवड्यात त्या विद्यापीठात गेल्या, रिक्षावाल्याला पूर्ण नाव सांगून, तिसऱ्या वर्षाला बसता येईल का विचारायला. मीही बरोबर होतो, माझं दुसरं काम होतं. खिडकीतला कारकून चांगला माणूस होता. त्यानं आत जाऊन विचारून आणलं. अभ्यासक्रम केव्हाच बदलला होता. जुनी दोन वर्षं आता धरता येणार नाहीत. बसायचं असेल तर पहिल्या वर्षापासून.

मला फार राग आला. पास झालेली वर्षं, ती कशी कुणी काढून घेतं? मी पायऱ्या उतरताना बडबडत होतो. झाडाखाली आल्यावर मॅडमनी पिशवीतून जुनी छत्री काढली, मला दिली, नवी स्वतः उघडली. ऊन होतं.

“पहिल्यापासून केलेलं खात्रीचं असतंय, सर,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलल्या.

पुढं मला एका कॉलेजात जागा मिळाली आणि संस्था सुटली. रफीककडून अधूनमधून कळायचं की मॅडम आहेत, मशीन आहेत, छत गळतंय. मग तो आखातात गेला आणि तेही बंद झालं. मला त्यांची आठवण यायची. भेटायला जायचं राहून जायचं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते परीक्षेच्या हॉलमध्ये. विद्यापीठाची वार्षिक परीक्षा, आमच्या कॉलेजवर केंद्र, माझ्याकडं एका खोलीचं पर्यवेक्षण. बी.एस्सी. तिसरं वर्ष, गणिताचा पेपर. उत्तरपत्रिका वाटत मागच्या रांगेपर्यंत गेलो आणि खाली नजर गेली तर बाकाखाली कॅनव्हासचे बूट. केस बरेच पिकलेले, खांद्याला पिन, बाकावर दोन पेनं. आजूबाजूला त्यांच्या निम्म्याहून कमी वयाच्या मुली. मी थांबलो. त्या वर पाहून ओळखीचं हसल्या, आणि लगेच हात पुढं केला, उत्तरपत्रिकेसाठी. बोलायची ती जागा नव्हती.

पेपर अर्धा झाला असेल, लाईट गेली. पंखे थांबले, खोली अंधारली, सगळ्या हॉलमधून एकच हाय हाय उठली. मुलींनी पेनं खाली ठेवली, कुणी वारा घ्यायला लागली, कुणी माझ्याकडं बघायला लागली, सर आता काय. मी मागं पाहिलं. पंडागळे मॅडमनी बाक हळूच खिडकीकडं सरकवला होता आणि त्या लिहीत होत्या.